सागर नसलेली सांगली

मी मूळचा वारणेच्या काठचा, सांगली जिल्ह्यातला, माझं नाव दत्ता, आणि आमच्या गावात पोरगं चालायला लागलं की आधी त्याला पाय मागं कसा ओढायचा ते शिकवतात, असं वडील म्हणायचे, आणि ते काही फार खोटं नव्हतं. शाळेच्या मागं लाल मातीचं कबड्डीचं मैदान, तिथंच आम्ही वाढलो. मी खेळाडू नव्हे बरं का. माझा दम कच्चा, चढाईला निघालो की मध्यरेषा ओलांडून चार पावलं टाकेपर्यंत श्वास सुटायचा, म्हणून मला बाहेर बसवलं ते मी आजतागायत बाहेरच बसलोय. पण बाहेर बसणारा लागतोच की. तो नसला तर आतल्यांनी कुणासाठी अंग मोडायचं?

मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, पुण्यात पॅकिंगच्या मशीन बनवणाऱ्या कंपनीत लागलो, त्यातली एक मशीन बसवायला म्हणून इथं जर्मनीत, डार्मश्टाटला आलो, औषधांच्या कारखान्यात, आणि मग त्यांनीच ठेवून घेतलं, देखभालीला. आता पोरं इथल्याच शाळेत जातात, आपण मराठीत विचारलं की जर्मनमध्ये उत्तर देतात, चाललंय. पण राज्य अजिंक्यपद स्पर्धा आली की माझा उर्लाउब, म्हणजे रजा हो, त्याच आठवड्यात असते. आणि सामना रविवारी आला तर मी सायकल काढून रानात जातो, फोन झाडाच्या बुंध्याला टेकवतो आणि तिथं ओरडतो, कारण रविवारी इथं घरात शिंक जरी मोठ्यानं आली तरी खालच्या बाई छताला काठीनं ठोकतात.

काय सांगू तुम्हाला, आमच्या गावची एक रीत आहे. जिल्ह्याच्या संघाचं सराव शिबिर आमच्याच मैदानावर असतं, आणि शिबिर असेपर्यंत एकेक खेळाडू एकेका घरी जेवतो. घर ठरलं की ठरलं, मग तो खेळाडू त्या घरचा. त्यानं गुण घेतला की ते घर ताठ चालतं, आणि तो पकडला गेला की त्या घरची बाई दुसऱ्या दिवशी दळणाला जात नाही. आमच्या घरी सागर. शेजारच्याच गावचा, वडील वीटभट्टीवर, आणि चढाई अशी की समोरच्या सात जणांना वाटावं हा आत्ता परत निघाला, तेवढ्यात हात लावून गेलेला. आई त्याला इतकं तूप वाढायची की मागच्या शिबिरात प्रशिक्षक वजनकाटा घेऊन दारात आले, म्हणाले, काकू, पंच्याऐंशी किलोच्या वर गेला तर त्याला बाहेर काढतील, आणि मग तुम्ही उतरणार का मैदानात? आई म्हणाली, उतरते की, पण उपाशी पोरगं नाही धाडणार. मग वजनाच्या दिवशी पहाटे सागर दोन स्वेटर घालून गावाला फेऱ्या मारत होता आणि आई ओट्यावर उभी राहून प्रशिक्षकांना शिव्या घालत होती.

आल्झो, इथले लोक म्हणतात तसं, सांगायचं म्हणजे यंदा आमचा संघ खरंच जिंकण्यासारखा होता. दोन्ही कोपरे भक्कम, मधले दोघं भाऊ-भाऊ, एकमेकांकडं न बघता साखळी धरतात, आणि चढाईला सागर. मी जिंकू म्हणत नव्हतो, नजर लागते, पण मनात म्हणत होतो.

आणि आईचा फोन आला. सागरला मुंबईत नोकरी मिळतीय, कंपनीची, कायमची, पण त्यांच्या संघातनं खेळायचं, म्हणजे जिल्हाही मुंबईच. आई म्हणाली, दत्ता, तो पोरगा तुझं ऐकतो, तुला फोन करणार आहे, त्याला सांग एवढं वर्ष थांब म्हणून. मी म्हटलं, आई, नोकरी थांबते का? आई म्हणाली, मला शहाणपण शिकवू नकोस, सांगायचं तेवढं सांग.

कारखान्यात माझ्याबरोबर ब्रेंडन म्हणून आयर्लंडचा माणूस आहे. त्यांचा पण एक स्वतःचा खेळ आहे, गेलिक फुटबॉल, हातानं पण खेळायचा आणि पायानं पण, आणि त्यांच्यात पण जिल्ह्याजिल्ह्यांची स्पर्धा. त्याचा जिल्हा त्याच्या बापाच्या हयातीत एकदा पण जिंकलेला नाही, तरी दर उन्हाळ्यात हा मला कागदावर रेघा मारून दाखवतो की यंदा कसं जमणार. त्याला सागरचं सांगितलं तर तो हातातला पाना खाली ठेवून माझ्याकडं बघायलाच लागला. म्हणाला, आमच्यात असं करत नाहीत, जिथं वाढलास तिथनं खेळायचं, आमचा बचावपटू राजधानीत मास्तर आहे, शाळा सुटली की गाडी काढून सरावाला घरी येतो. मी म्हटलं, गेनाऊ, अगदी बरोबर, तेच सांगतोय. तुमच्या पोराला आधी नोकरी आहे आणि मग खेळ आहे. आमच्या पोराला खेळ आहे म्हणून नोकरी आहे. त्यानं ती चढाई विकायची नाही तर काय विकायचं?

खरं सांगतो, मला तेव्हा रागच आला, ब्रेंडनचा नाही, आमचाच. आम्ही सगळे जिल्ह्याची शान, मातीचं इमान असं बोलतो, पण त्या पोराला त्या मातीत एक पक्की नोकरी द्यावी असं जिल्ह्यातल्या एकाही मोठ्या माणसाला वाटलं नाही. हार घालायला सगळे. फोटोत सगळे. निष्ठा सगळ्यांना पाहिजे, आणि तिची उपासमार मात्र एकट्यानं सोसायची.

सागरचा फोन आला तेव्हा मी ट्रामच्या थांब्यावर होतो. म्हणाला, दादा, काकूंनी तुम्हाला सांगितलं असेल. मी म्हटलं, सांगितलं. तो म्हणाला, मग तुम्ही थांब म्हणणार. ट्राम आली, गेली, मी चढलो नाही. मग तो म्हणाला, दादा, दुसरंच विचारतो, बाहेर गेल्यावर माणूस आपला राहतो का हो?

आता बघा, मी जरा जरी अडखळलो असतो, नाही रे राहत, एवढं म्हटलं असतं, तरी तो थांबला असता. सांगलीचा करंडक तेवढ्या एका शब्दावर होता. मी म्हटलं, राहतो, सागर. जरा जास्तच राहतो, आजूबाजूच्यांना नकोसा होण्याइतका. तू जा. फक्त आमच्याविरुद्ध उतरलास तर हात राखून खेळू नकोस, तसलं दान आम्हाला नको. तो रडला की हसला ते ट्रामच्या आवाजात कळलं नाही.

आई म्हणाली, तिकडं बसून तू आमचा संघ फोडलास. आणि बोलायचंच बंद केलं. मी फोन केला की, जेवलास का, आणि ठेवून द्यायची. पण आईची अडचण अशी की सामन्याचं बोलायला तिला घरात दुसरं कुणी नाही. एक दिवस तिनंच फोन केला, म्हणाली, नवा चढाईवाला उतावळा आहे, समोर तिघं असले तरी आत घुसतो. मी म्हटलं, उजवा कोपरा कसा आहे? म्हणाली, खांदा दुखतोय त्याचा, पण सांगत नाही. मग अर्धा तास आम्ही तेच बोलत बसलो.

आता गट पडलेत, मुंबई आमच्याच गटात. ब्रेंडन विचारतो, जिंकाल का? मी म्हणतो, बचावावर तग धरू, उपांत्य फेरीपर्यंत कदाचित जाऊ, पुढं अवघड आहे. आई अजून पण म्हणते, काय सांगावं. काल तिनं मला विचारलं, सागर समोर आला तर तू कुणाच्या बाजूनं? मी म्हटलं, आई, हे काय विचारणं झालं, सांगलीच्या. त्याची पहिलीच चढाई आपल्या पोरांनी धरावी, घोट्यालाच धरावी, हलू देऊ नये. आई म्हणाली, धरावी. पण उठताना त्याला कुठं लागलेलं नसावं रे बाबा.