आगाशिवच्या लेण्यात तात्या

तात्यांना घेऊन लेणी बघायला जाऊ नका, एवढंच सांगतो. तात्या म्हणजे आमचे इस्लामपूरचे चुलते. तोफखान्यात नोकरी करून कान गेले, त्यामुळं बोलणं कायम ओरडून.

कराडजवळ आगाशिवच्या डोंगरात एका बौद्ध विहारात शिरलो. भिक्खूंच्या खोल्या बघता बघता वर नजर गेली, तर छताला हे एवढं आग्यामोहोळ!

कुजबुजलो, "आवं तात्या, बोलू नगा."

"आँ? काय म्हंतोस?"

मोहोळावरनं एक लाट सरकली. मी तोंडावर बोट ठेवलं.

"तान लागली व्हय?"

शेवटी मोबाईलवर लिहिलं आणि त्यांच्यापुढं धरलं. तात्यांनी सावकाश चष्मा लावला आणि परेडच्या आवाजात वाचलं, "वर आग्यामोहोळ हाय, आवाज करू नगा!"