वाढप्याचा शब्द

मुलगी : बाबा, माझा फोन का गुरगुरतोय? कमरेच्या इन्सुलिनच्या यंत्राला काय सांगितलंत तुम्ही?

वडील : तू शिकवलेस तेच. जेवणाच्या आधी दहा मिनिटे, काय जेवणार ते कळवायचे. कळवले. साठ ग्रॅम कर्बोदके.

मुलगी : आणि जेवण कुठाय?

वडील : त्या पडद्यामागे. वाढपी स्वतः येऊन म्हणाला, 'ताटं मांडलीत, दोन मिनिटांत बसायचंय.'

मुलगी : तो सगळ्यांनाच तसं म्हणतो.

वडील : मी चाळीस वर्षे संस्कृत शिकवले, बाळ. आप्ताचा शब्द प्रमाण मानण्याची सवय आहे.

मुलगी : वाढपी तुमचा आप्त कधी झाला? आता सहा युनिट इन्सुलिन अंगात आणि अन्न पडद्यामागे.

वडील : मग तुझ्या त्या डबीला सांग, परत घे म्हणावे.

मुलगी : ती फक्त पुढचं थांबवू शकते. दिलेलं परत येत नाही.

वडील : दात्याचे लक्षण बरे आहे तिचे.

व्याही (माइकवर) : ...तर मंडळी, पाणीपुरवठा खात्यातल्या माझ्या चौतीस वर्षांपैकी पहिलं वर्ष इथे संपलं.

वडील : एका वर्षाला किती वेळ लागला?

मुलगी : अकरा मिनिटं.

वडील : म्हणजे उरलेल्या तेहतीस वर्षांना...

मुलगी : गुणाकार करू नका. दंडावरचा सेन्सर साखर एकशे चार दाखवतोय आणि फोनवरचा बाण खाली आहे. उठा, पडद्यामागे जाऊन दोन घास खाऊन येऊ.

वडील : व्याह्यांच्या निरोपसमारंभात, ते बोलत असताना, पहिल्या रांगेतून उठून जेवायला जाऊ? तुझे सासरे माझ्याकडेच पाहून बोलत आहेत. परवाच मला म्हणाले, 'पंप म्हणजे काय ते मला सांगू नका. तपासणीचा शिक्का नसलेला पंप मी माझ्या केंद्रावर बसवू दिला नाही, तो तुमच्या कमरेला कसा पाहवेल?'

मुलगी : मला रोज ऐकवतात. कुणाचा तरी जुना पंप, चष्म्याच्या घरात मी जोडलेला रेडिओ, फोनवर अनोळखी लोकांनी लिहिलेला प्रोग्रॅम. 'सूनबाईनं बापावर प्रयोग मांडलाय.'

वडील : म्हणूनच म्हणतो. आज मी इथे लवंडलो, तर ते तुला त्या घरात जन्मभर ऐकावे लागेल. मी ताठ बसणार.

मुलगी : लवंडू नये म्हणून तरी ग्लुकोजच्या गोळ्या घ्या. चार. रुमाल लावा तोंडाला आणि चघळा.

वडील : सभेत चघळणे...

मुलगी : बाबा.

वडील : दे.

व्याही (माइकवर) : ...आणि भर दुपारी मुख्य वाहिनी फुटली, तेव्हा मी गुडघाभर पाण्यात उभा. पाहा मंडळी, माझ्या व्याह्यांनी तोंडाला रुमाल लावला. विद्वान माणूस, पण मन हळवं. व्याहीबुवा, खास तुमच्यासाठी हा प्रसंग जरा विस्तारानं सांगतो.

वडील : बाळ, हे काय होऊन बसले?

मुलगी : मान हलवा आणि चघळा.

वडील : संत्र्याची चव आहे. गहिवरण्यासारखे तीत काही नाही.

मुलगी : ब्याऐंशी.

व्याही (माइकवर) : शेवटी एकच सांगतो...

वडील : हे तिसरे 'शेवटी'.

मुलगी : चौथं. त्र्याहत्तर. बाबा, कपाळावर घाम आलाय तुमच्या.

वडील : मला काहीही झालेले नाही. हा मनुष्य मूर्ख आहे.

मुलगी : तुमच्या तोंडून हा शब्द मी कधी ऐकला नाही. साखर उतरली की तुमचं व्याकरण राहतं, शिष्टाचार जातो. थांबा, मीच उठून सांगते त्यांना.

वडील : तू सून आहेस, खाली बस. सांगायचे ते मी सांगेन. व्याहीबुवा, क्षमा असावी.

व्याही (माइकवर) : या, या. मंडळी, व्याह्यांना राहवलं नाही.

वडील : मी गहिवरलो नव्हतो. गोळ्या चघळत होतो. माझ्या रक्तातली साखर उतरते आहे. मुलीने जोडलेले यंत्र निर्दोष आहे, चूक माझी. वाढप्याच्या शब्दावर मी यंत्राला जेवण कळवले, त्याने इमानाने इन्सुलिन दिले, आणि आपण अजून तिसऱ्याच वर्षात आहात. मला आत्ता जेवले पाहिजे. हे सर्वांसमक्ष सांगतो, म्हणजे घरी गेल्यावर माझ्या मुलीला कोणी जाब विचारू नये.

व्याही : माइक बंद करा. अरे, वाढा. आधी इथे, यांना.

(व्याही भाषण अर्धवट सोडून खाली उतरतात, वाढप्याच्या हातातलं ताट घेऊन वडिलांच्या शेजारी बसतात.)

व्याही : घ्या, खा आधी. सूनबाई, मला नीट सांग. यांनी वेळेआधी सोडलं, एवढंच ना?

मुलगी : हो, मामंजी. अन्न समोर यायच्या आत इन्सुलिन.

व्याही : म्हणजे खालच्या टाकीची झडप उघडली का ते पाहिलं नाही. कुणीतरी 'उघडली' म्हणालं आणि यांनी वरून सोडायला सांगितलं. सोडलेलं पाणी मागे फिरत नसतं. अशा वेळी मी पंपावर ठपका ठेवला नाही कधी.

मुलगी : मग कुणावर ठेवलात?

व्याही : न बघता कळवणाऱ्यावर. व्याहीबुवा, माझ्या खात्यात असतात तर तुमची वेतनवाढ रोखली असती.

वडील : मान्य. तोंडात घास आहे.

व्याही : आणि पुढचा पुरवठा या पंपानं आपण होऊन बंद केला का? कुणी न सांगता?

मुलगी : बाण खाली वळला तेव्हाच. तुमचं पहिलं वर्ष चालू होतं.

व्याही : हं. शिक्का नाही त्यावर.

मुलगी : नाही.

व्याही : आकडा काय म्हणतो?

मुलगी : सदुसष्ट.

व्याही : आता?

मुलगी : पाच पाच मिनिटांनी बदलतो, मामंजी. तोवर तुम्ही बोला ना. सगळे तुमच्याकडे बघताहेत. तिसरं वर्ष अर्धं राहिलंय.

व्याही : राहू दे. आकडा वर येऊ दे आधी.