देव्हाऱ्यापुढचा फोटो

सन्माननीय अध्यक्ष, आपल्या वस्तीचे कप्तान, व्यासपीठावरचे फादर, सत्कारमूर्ती नोय नेमेसियो, त्यांच्या पत्नी पुरिंगवहिनी आणि जमलेल्या बंधुभगिनींनो,

गेल्या वर्षी याच मंडपात डुक्कर भाजलं होतं. आज नुसतं पान्सित आहे, साध्या शेवया. कारण सगळ्यांना ठाऊक आहे, तरी मी बोलणार.

जन्मभर जहाजाच्या इंजिनखोलीत राबून नोय तेव्हा कायमचे घरी आले होते. सगळी कमाई बिटकॉइनमध्ये. आणि ती राखण्यात त्यांचा हात कोण धरणार? अनोळखी लिंक कधी उघडली नाही. मला म्हणायचे, "एस्तोय, बँक लुटली तर निदान तक्रार करता येते. इथं खात्याची किल्ली म्हणजे बारा शब्द, ते ज्याच्या हाती, त्याचं सगळं!" हे शब्द फोनमध्ये नकोत, कागद वादळात भिजतो, म्हणून त्यांनी ते पोलादी पत्र्यावर ठोकून कोरले आणि देव्हाऱ्यात बाळयेशूच्या पायाशी ठेवले. तिथं कोण चोर येणार होता?

पण आपली रीत काय? पोर पास झालं, माणूस परतला, की त्याच्या चेहऱ्याचा भलामोठा फलक रस्त्यावर! लेक मारिबिकनं हौसेनं केला. देव्हाऱ्यापुढे बाप हसतोय, मागे बाळयेशूच्या पायाशी पत्रा चकाकतोय, शब्द न् शब्द वाचता येईल असा. आपण सगळ्यांनी त्याखाली फोटो काढले, फेसबुकवर टाकले. आपल्यापैकी एकाचंही लक्ष गेलं नाही हो! ज्या चोराचं जायचं, त्याचं बरोबर गेलं. आठवड्यात सगळं साफ. पोलिसांनी हात वर केले. वर आपल्यातलंच कुणी त्या पोरीला तोंडावर म्हणालं, "चोराला आमंत्रणपत्रिकाच छापलीस की गं!" शोभलं का हे?

उद्या नोय पुन्हा जहाजावर निघालेत. एकसष्टाव्या वर्षी, रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन. इंजिनखोलीत आता कुणी घेत नाही. भांडी घासायला चाललेत. मला फार वाईट वाटतं.

आजचा फलकही मारिबिकनंच केलाय. बघा, नुसतं नाव आहे. सकाळी नोयनी विचारलं, "इंदाय, पोरी, माझा चेहरा कुठाय गं?"

"नको पपा. भीती वाटते."

"वेडी का तू? आता चोरण्यासारखं राहिलंय काय? लाव फोटो."

तिनं लावला नाही.

अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. कुणाला लागलं असेल तर पोटात घाला. एकच विनंती आहे, फोन खिशात ठेवा. नोयना आज नुसत्या डोळ्यांनी बघून घ्या.