बादलीतली पानथरी

कंपालाच्या इस्पितळात तपासणीच्या रांगेत उभ्या असलेल्या नान्तेझाच्या मागे सासू-सून कुजबुजत होत्या. सुनेच्या हातात झाकणाची बादली होती.

"आई, ह्यांच्या पानथरीचा, डॉक्टरांच्या भाषेत प्लीहेचा, कर्करोग असेल, म्हणतात. लाखात एखाद्याला होतो."

"आणि नेमका माझा सेमाकुलाच सापडला? मलेरियानं इथं कुणाची पानथरी सुजत नाही गं?"

"म्हणून तर कापून काढलेली तपासणीला न्यायला आपल्याकडे दिलीय."

"तपासतात की विकतात, कुणी पाहिलंय?"

"विकायची असती तर आपल्या हातात दिली असती?"

"दिली, तिथंच ते चुकले. केळीच्या बागेत पुरून आले मी, त्याच्या आजोबांच्या थडग्याशेजारी."

"मग ह्यात काय आहे?"

"खाटकाकडची, बैलाची. बघू तरी, तिच्यातही कर्करोग सापडतो का. सरक पुढे."