झोपाळू अस्वलाचे तीनशे बारा नातेवाईक

(शिवणाची खोली. खुर्ची एकच, तिच्यावर शिवणारी. स्टुलावर तिचा नवरा. त्यामुळे कंपनीचा तपासनीस कापडाच्या ताग्यावर अवघडून टेकलेला.)

शिवणारी: माझा चष्मा सापडत नाहीये. तुम्हीच वाचा, आणि मोठ्यानं वाचा. ह्यांनाही ऐकू जाऊ दे.

तपासनीस: मला पाठ आहे ते, बाई. ती ओळ आमची कंपनीच छापते.

शिवणारी: तरी वाचा. तुम्ही बसलाय त्याच ताग्याच्या किनारीवर आहे, अस्वलाच्या पायाखाली.

तपासनीस: ‘झोपाळू अस्वल हे चित्र कंपनीच्या मालकीचे आहे. हे कापड केवळ घरगुती वापरासाठी. यापासून वस्तू बनवून बाहेरच्या व्यक्तींना विकू नयेत.’

शिवणारी: झालं तर मग. बाहेरच्या माणसाला मी आजवर हातरुमालसुद्धा दिलेला नाही.

तपासनीस: सदर कापडाच्या तीनशे बारा पिशव्या आपण गेल्या वर्षभरात दिल्या आहेत.

शिवणारी: घरची माणसंच आहेत तेवढी.

तपासनीस: तीनशे बारा?

नवरा: खरं आहे, साहेब. मोजायला बसू नका, डोक्याला ताप होतो.

शिवणारी: अहो, ती निळी वही द्या त्यांना. हे बघा, माझं काम सरळ आहे. गिऱ्हाईक दारात आलं की आधी मी नातं लावते, वहीत लिहिते, सही घेते आणि मगच पिशवी देते. नात्याशिवाय पिशवी नाही. कुणी कितीही गयावया करू दे.

तपासनीस: ‘बँकेतल्या चष्मेवाल्या मॅडम, चुलत नणंद. केस कापणारे, थोरले दीर. जिन्याखालचा कुलूपवाला, भाचेजावई.’ बाई, कुलूपवाल्याचं लग्नच झालेलं नाही. मी चौकशी केली आहे.

शिवणारी: झालं नसेल, होईल. भाची बघून ठेवलीय त्याच्यासाठी. पान अकरा, फुलांच्या दुकानातली. बिचारी आधी त्याची बहीण लागत होती. दोघं एक दिवस चेहरे पाडून आले, म्हणाले, मावशी, आता काय करायचं? मग मी तिला खोडून भाचीत घातली. पिशवीसुद्धा बदलून दिली.

तपासनीस: पिशवी कशाला?

शिवणारी: बहिणीची पिशवी भाचीनं वापरायची? काहीतरीच काय!

तपासनीस: आणि ही माणसं जाताना त्या पत्र्याच्या डब्यात काहीतरी टाकतात, ते?

शिवणारी: घरच्यांनी घरच्यांना हातभार लावू नये, असंही छापलंय का किनारीवर? वाचा की.

तपासनीस: तसं छापलेलं नाही.

नवरा: पुढच्या ताग्यावर छापा. निदान ही ये-जा तरी थांबेल. परवा माझे तीन साडू एकदम आले. तिघांचं आपापसात पटत नाही. मी मधे बसून तिघांशी तीन वेगळ्या विषयांवर बोललो. घसा बसला.

शिवणारी: साडू म्हटल्यावर थोडं रुसणं-फुगणं चालायचंच. मी त्यांना दीर करत होते, तर तुम्हीच म्हणालात दीर पुरे झाले.

नवरा: झालेच होते.

तपासनीस: कृपया इकडे लक्ष द्या. मी यातल्या अकरा जणांना फोन केले. म्हटलं, कंपनीच्या बाजूनं साक्षीला या, तुम्ही बाईंचे कुणी लागत नाही एवढंच सांगायचं आहे. पहिल्यानं फोन आपटला. दुसऱ्या बाई रडायला लागल्या, त्यांना वाटलं तुम्ही गेलात. तिसरा म्हणाला, आमच्या मावशीच्या वाटेला गेलास तर बघून घेईन.

शिवणारी: तो रंगारी असणार. तोंडाचा फटकळ आहे, पण मनाचा चांगला. आणि बाकीचे आठ?

तपासनीस: बाकीच्या आठांनी मला विचारलं, मी तुमचा कोण.

नवरा: मग काय सांगितलंत?

तपासनीस: तो प्रश्न इथे गैरलागू आहे.

शिवणारी: गैरलागू कसा? शेवटचं पान उघडा. तीनशे बारावा. ‘करडा शर्ट, धाकटा मावसभाऊ.’ खाली सही कुणाची आहे?

तपासनीस: गेल्या गुरुवारी मी गिऱ्हाईक बनून आलो होतो. ती तपासाची रीत असते. सही केल्याशिवाय तुम्ही पिशवी देईनात, म्हणून केली.

शिवणारी: वाचून केलीत. ‘थोरला लिहा’ म्हणून हुज्जतही घातलीत.

तपासनीस: मी वयानं थोरला आहे!

नवरा: तक्रार तीच आहे का? नाही, तुम्ही वेगळ्या कामासाठी आला होतात असं वाटलं.

तपासनीस: ती पिशवी पुरावा म्हणून घेतली होती. सीलबंद करून कोर्टात द्यायची आहे.

शिवणारी: आणलीत का? बघू दे, चेन नीट बसलीय ना. त्या दिवशी घाईत लावली होती.

तपासनीस: पुरावा सध्या... माझी बायको भाजी आणायला घेऊन गेली आहे.

शिवणारी: म्हणजे घरगुतीच वापर झाला की!

तपासनीस: मी तिला तीनदा सांगितलं! ती म्हणते, कांदे-बटाटे एवढ्या नीट दुसऱ्या कशात बसत नाहीत. असो. बाई, मी भांडायला आलेलो नाही. हा कागद आणला आहे. ‘वहीतील व्यक्तींशी माझे कोणतेही नाते नाही’ एवढंच यात लिहिलंय, खाली सही करून द्या. मी हे उरलेले दोन तागे घेऊन जाईन, प्रकरण मिटेल. मशीन तुमच्याकडेच राहील. सही केली नाहीत, तर खटला. मग मशीनही उचलावं लागेल.

शिवणारी: मशीन?

तपासनीस: माझा नाइलाज आहे.

शिवणारी: मशीन गेलं तर मी दिवसभर काय करू? ह्यांच्याकडे बघत बसू? आणा तो कागद. अहो, पेन द्या.

नवरा: थांब.

शिवणारी: थांबू कशाला? तुम्हीच तर वर्षभर कटकट करताय, लोक येतात, लोक येतात म्हणून. आणि कागदावर सही केली म्हणून माणसं काय यायची थांबणार आहेत?

नवरा: साहेब, या कागदाची प्रत कुणाकुणाला जाणार?

तपासनीस: नियमानुसार वहीतल्या प्रत्येकाला. टपालानं. ‘आपले सदर बाईंशी कोणतेही नाते नाही, याची नोंद घ्यावी.’

शिवणारी: प्रत्येकाला? त्या कुलूपवाल्यालाही?

तपासनीस: तीनशे बारा पत्रं.

नवरा: एक तुमच्याही घरी.

तपासनीस: हो. एक माझ्याही घरी.

नवरा: साहेब, मी जास्त बोलत नाही. ही बोलते, मी कुरकुरतो, आमचं ठरलेलं आहे. आमच्या लग्नाला माझ्याकडून एक माणूस होता, हिच्याकडून दोन. तेही गेले. मूलबाळ झालं नाही. सहा महिन्यांपूर्वी माझं पोटाचं ऑपरेशन झालं. स्ट्रेचरवर पडलो होतो. नर्स बाहेर जाऊन ओरडली, या पेशंटचं कोण आहे?

शिवणारी: अहो, राहू दे ते.

नवरा: सत्तावीस जण उभे राहिले. दार उघडं होतं, मी पाहिलं. केस कापणारा दुकान बंद करून आला होता. तिन्ही साडू शेजारी शेजारी उभे होते. मला भूल द्यायच्या आधीच रडू आलं. डॉक्टरांना वाटलं घाबरलो.

शिवणारी: हे तुम्ही मला कधी बोलला नाहीत.

नवरा: बोललो असतो तर तू आणखी पन्नास आणले असतेस. साहेब, सोमवारी हिच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. तिथंही नर्स बाहेर येईल, विचारेल. तेव्हा मी एकटाच उभा राहू का?

तपासनीस: मशीन न्यावं लागेल, भावोजी.

नवरा: न्या. हिनं सही करायची नाही. मी हिच्याशी दिवसभर बोलेन, लागलं तर.

शिवणारी: अगंबाई!

तपासनीस: ताई, जरा पेन द्या.

शिवणारी: मी सही करणार नाही. ह्यांनी सांगितलंय.

तपासनीस: तुमच्या सहीसाठी नाही. मला अहवाल लिहायचा आहे. ‘सदर ठिकाणी समक्ष जाऊन चौकशी केली. वही पाहिली. कापडाचा वापर तपासला. बाहेरची एकही व्यक्ती आढळून आली नाही.’ चालेल?

नवरा: तुम्हाला धरून?

तपासनीस: मला धरून. सोमवारी किती वाजता यायचं?