बनाआक्कांचं शून्य

शून्य! आता तुम्हीच सांगा, जित्याजागत्या माणसाच्या घरात विजेचं शून्य युनिट कसं येईल हो? माझंच काही चुकलं असेल म्हणून वीज कंपनीच्या साइटवर ग्राहक क्रमांक पुन्हा टाकला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा टाकला... शून्य! मागच्या महिन्यात चौतीस, त्याआधी एकतीस, आणि आता हे गोल गरगरीत!

थांबा, आधी माझं काम सांगते, नाहीतर म्हणाल ही पोरगी लोकांची वीजबिलं काय वाचत बसलीय. राज्यातली घरं वीज आणि गॅस वापरून हवेत किती कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्याची दर महिन्याला नोंद ठेवायची. माझ्या वाट्याला कोल्हापूरची साठ घरं. पर्यावरणात एम.एस्सी. करून मी करते काय, तर फोन! "काकू, सिलेंडर कधी बदलला?" "तू गॅसवाली हैस व्हय? न्हवं? मग तुला कशाला पायजे चौकशा!" खाटकन फोन बंद. आणि मी दचकते. मी कशानंही दचकते हो, दाराची बेल वाजली तरी आधी कॉटवर चढते, मग विचारते कोण आहे.

साठांत एकट्या बनाआक्का माझा फोन ठेवत नाहीत. सत्तरीच्या, कळंब्याला एकट्याच राहतात. युनिट झाले, सिलेंडर झाला की विचारतात, "जेवलीस का गं बाळ?" महिन्यातून एकदा. अख्ख्या महिन्यात हे विचारणारं मला दुसरं कुणी... असो. माझी खोली म्हणजे एक कॉट आणि एक पंखा. तो पंखा मी बाहेर जाताना पण चालूच ठेवते. परत आल्यावर आत कुणीतरी आवाज करत असावं, एवढंच. माझी नोकरी बघता हे कुठं बोलू नका.

तर शून्य. पुण्याला आमच्या अमरसिंह सरांना फोन केला. "वा, संयोगिता! शून्य उत्सर्जन! तक्त्यात हिरवा रंग भर, अहवालात त्या घराचा फोटो टाकू!" म्हटलं, सर, दिवा नाही, पंखा नाही, टीव्ही नाही, आत माणूस असेल का तरी? तर म्हणाले, "तो प्रश्न आपल्या फॉर्ममध्ये नाही."

म्हणजे बघा, माणूस गेलं की घर हिरवं! नाहीतर शून्य कसं येईल हो?

बनाआक्कांना फोन लावला. "आपण डायल केलेला नंबर सध्या बंद आहे..." काय गोड बोलते ती बाई, तिचं काय जातंय! सात वेळा लावला. मग आठवलं, मागच्या महिन्यात त्यांनी विचारलं होतं, "किती आलं गं?" मी म्हटलं, "चौतीस, तीन वाढले." आणि नेमकी शेजारच्या कुकरची शिट्टी झाली, मी "आई गं, मेले!" करून किंचाळले, फोन हातातून पडला आणि बंद. ते आमचं शेवटचं बोलणं!

उठले तशी के.एम.टी.च्या बसमध्ये बसले. "ओ ताई, कळंबा आलं, उतरा की! का घरला सोडू?" कंडक्टर ओरडला, मी दचकून उतरले. पण गल्लीत पाय पडेना. दार वाजवलं आणि कुणी उघडलंच नाही तर? कुलूप असलं तर? नसलं तर? तिथंच स्टॉपवर उभी राहून पुन्हा फोन. अकरा. बारा. तेरावा... वाजला!

"बोल गं बाळ. आलं का शून्य?"

"आक्का! आहात कुठं तुम्ही?"

"शेजारी, मेहमुदाच्या घरात. महिना झाला, आपल्या घरातलं मेन स्विच पाडून हितंच ऱ्हायलोय की. तीन वाढलं म्हणून केवढ्यांदा वरडलीस तू! म्हटलं, आपल्यापायी पोरीची नोकरी जायाची. फोन बी मरून पडलता, आत्ता मेहमुदानं चार्जिंगला लावला बघ. जेवण हितंच, टीव्ही हितंच, पंखा बी फुल्ल. हिचं मीटर तुझ्या यादीत न्हाय न्हवं?"

नाही हो, यादीत नाही. मी स्टॉपच्या कट्ट्यावर मटकन बसले.

"रडतीस व्हय गं? जेवलीस का? मेहमुदा म्हणतीया, ये हिकडं. पर खोलीतला पंखा बंद करून ये बाई, उगं तुझं युनिट नको चढायला."

"केलाय," म्हटलं. साफ खोटं. सकाळपासून फिरतोय तो तिकडं, रिकाम्या कॉटवर... माझ्या घरात शून्य कसं येईल हो?