शेवटच्या रांगेत नाही

(दुपार. पुढच्या खोलीत तिघं जण. टेबलावर घडी घातलेला जुना लष्करी कोट.)

सुभेदार : ...मी कुठं म्हणतोय वहिनी, की त्यानं येऊच नये? यावं की. फक्त पुढं बसू नये, एवढंच.

आई : मग कुठं बसावं?

सुभेदार : मागं. शेवटच्या रांगेत. तासाभराचा तर प्रश्न आहे.

आई : बापाची शोकसभा, आणि पोरानं शेवटच्या रांगेत बसायचं. हे सांगायला माजी सैनिक संघटनेला तुम्हीच सापडलात, भावजी?

सुभेदार : मीच म्हटलं, मी जातो. दुसरा कुणी येऊन वेडंवाकडं बोलला असता.

आई : तुम्ही सरळ बोललात, पण बोललात तेच.

मुलगा : आई, जाऊ दे ना. बसतो मी मागं. बाबांना मानवंदना मिळतेय, बिगुल वाजणार आहे. माझ्यापायी कशाला अडायचं?

आई : तू मध्ये पडू नकोस. काकांना चहा हवाय का विचार.

सुभेदार : चहा नको. वहिनी, तुम्ही समजून घ्या. वर्षं उलटली तरी लोक विसरलेले नाहीत. नदीकाठच्या लढाईत पदक मिळवलेला हवालदार, आणि त्याचा मुलगा भरतीनंतर दोन महिन्यांत छावणी सोडून पळून येतो...

आई : पळून नाही. घरी आला. दिवसाढवळ्या, पुढच्या दारानं. मी डाव्या हातानं भांडी घासत होते. हे बस डेपोतून कामावरून नुकतेच आले होते, हाताला ग्रीस तसंच. दार ह्यांनी उघडलं.

सुभेदार : माझ्या घरी असं झालं असतं तर मी दार लावून घेतलं असतं.

मुलगा : मलाही तसंच वाटलं होतं, काका. येताना बसमध्ये सगळं पाठ केलं होतं. बाबा असं म्हणाले की मी तसं म्हणायचं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं आणि म्हणाले, जेवलास का?

सुभेदार : बस? एवढंच?

मुलगा : जेवण होईपर्यंत एवढंच. मग मी सांगितलं. गवताचा माणूस टांगलेला असायचा, त्याला संगीन खुपसायची. खुपसताना ओरडायचं. बाकीचे ओरडायचे, माझ्या घशातून आवाजच फुटायचा नाही. मग साहेब मला एकट्याला उभं करायचे, सगळ्या तुकडीसमोर. ओरड म्हणायचे. मी बाबांना म्हटलं, मला भीती वाटते. ते म्हणाले, मला वाटत नव्हती असं तुला कुणी सांगितलं?

सुभेदार : असं म्हणाला तो?

आई : म्हणाले. आणि सकाळी उठून हाच कोट घातला, पदकं लावली, पोराला घेऊन छावणीत गेले. साहेबापुढं सलाम ठोकला. म्हणाले, मुलगा माझा आहे, जे काय बोलायचंय ते मला बोला. पोराची रीतसर सुटका करूनच परत आले. तुमच्या लोकांना त्यातली सुटका तेवढी दिसली नाही. पळपुटा हा शब्द मात्र बरोबर सापडला.

सुभेदार : मी तो शब्द कधी वापरला नाही.

आई : तुम्ही नाही. अध्यक्षांनी वापरला, वार्षिक मेळाव्यात, माइकवरून. हे पहिल्या रांगेत होते, हा शेजारी. हे उठले, ह्याचा हात धरला आणि निघाले. अध्यक्ष म्हणाले, हवालदार, कार्यक्रम संपलेला नाही. हे म्हणाले, माझा संपला. तिथून पुढं संघटनेच्या त्या हॉलची पायरी चढले का ते?

सुभेदार : नाही चढला. मी किती वेळा बोलावलं.

आई : मग मेल्यावर का चढवताय?

सुभेदार : वहिनी, तो मोठा माणूस होता. संघटनेला अभिमान आहे त्याचा. नदीकाठी त्यानं जे केलं...

आई : नदीकाठी काय केलं ते मला नाही माहीत. मला कधी सांगितलंच नाही. शाळेतली पोरं एकदा विचारायला आली होती, आजोबा, लढाईत काय केलं? तर म्हणे, थंडी वाजली. बिचारी पोरं हिरमुसून गेली.

मुलगा : डेपोत एकदा टायर फुटला होता, काका. मी तेव्हा नुकताच सीटा शिवायच्या कामाला लागलो होतो. आवाज झाला आणि बाबा एकदम जमिनीवर आडवे. पोरं हसली. ते उठले, कपडे झटकले आणि स्वतःच हसायला लागले. पण पाना काही केल्या त्यांच्या हातात राहीना. मी जाऊन त्यांचा हात धरून बसलो. दुसऱ्या दिवसापासून कुणी हसलं नाही. त्यांनीच सगळ्यांना सांगून टाकलं, मला आवाज सोसत नाही, टायर तपासायचा असला तर आधी हाक मारा.

आई : आणि तुम्ही तिथं बिगुल वाजवणार.

सुभेदार : मला हे माहीत नव्हतं.

आई : मला जे माहीत आहे ते सांगू? मला झटका आला, उजवा हात लुळा पडला. तेव्हा ह्यांनी माझी वेणी घालायला घेतली. वेणी कसली, दोरखंड! बंद पडलेली बस ओढून आणली असती त्यानं. मी म्हटलं, अहो, कापून टाका केस, कशाला रोजची कटकट? तर म्हणे, गिअरबॉक्स शिकलो तशी हीही शिकेन. आणि शिकले. दिवसभर बसखाली झोपून काम करायचं, घरी येऊन भाजी चिरायची, ह्याचा अभ्यास घ्यायचा, माझ्या हाताला तेल चोळायचं. त्या दुखऱ्या कमरेनं. एक दिवस तोंड वाकडं केलं नाही. हे सांगणार का तुमचे अध्यक्ष माइकवरून?

सुभेदार : अध्यक्षांचं भाषण तयार आहे. त्यात... लढाईचंच आहे सगळं.

मुलगा : आई, पण त्यांचं लढाईतलं कुणीतरी सांगायला हवं ना. ते आपल्याला कुठं माहीत आहे?

आई : बघा भावजी. ज्याला मागं बसवताय तो हे म्हणतोय.

सुभेदार : त्यातलं मला माहीत आहे. पण मला कुणी बोलायला सांगितलेलं नाही.

आई : मी सांगते. बोला.

सुभेदार : आत्ता?

आई : का? माइक नाही म्हणून अडलंय?

सुभेदार : ...त्याच्या कमरेत तोफगोळ्याचे जे तुकडे घुसले ना वहिनी, ते मला पाठीवर घेऊन येताना. माझा पाय गेला होता कामातून. मी काठावर पडलो होतो आणि आईला हाका मारत होतो. शूरपणानं नाही, लहान पोरासारखा. अख्ख्या काठाला ऐकू जात होतं. गप्प बस म्हणून आमचेच लोक शिव्या घालत होते. तो सरपटत आला. मला गप्प बस म्हणाला नाही. म्हणाला, मार हाका, मला वाट सापडते त्यानं.

मुलगा : काका...

सुभेदार : थांब, बोलू दे. नंतर तुकडीत मला सगळे वाघ म्हणायला लागले. जखमी वाघ. त्याला ठाऊक होतं, पण कधी हसला नाही. मला वाटायचं, निदान तुम्हाला तरी सांगितलं असेल.

आई : मला? थंडी वाजली, एवढंच सांगितलं मला.

सुभेदार : एवढंच.

आई : आता ऐका, भावजी. ह्यांची सभा आज संध्याकाळी डेपोत होणार, बस धुतात त्या शेडमध्ये. मी सकाळीच निरोप धाडलाय. पाळी बदलताना सगळे ड्रायव्हर, कंडक्टर, मेकॅनिक थांबणार आहेत. पोरगा माझ्याशेजारी पुढं बसेल. हार आणू नका, बिगुल आणू नका. हॉलमध्ये तुम्हाला हवी तर तुमच्या पदकाची सभा घ्या. माझा नवरा तिथं नसेल.

मुलगा : आई, पेपरात हॉलचा पत्ता छापून आलाय. लोक तिकडंच जातील.

आई : जातील. आणि रिकामी खुर्ची बघून विचारतील, घरचे कुठं आहेत? देऊ देत अध्यक्षांना उत्तर.

सुभेदार : वहिनी, तुम्ही ऐकायच्या नाहीत.

आई : नाही.

सुभेदार : हवालदारही ऐकायचा नाही. एक फोन करतो... हॅलो, अध्यक्षसाहेब? सुभेदार बोलतोय. हो, त्यांच्याच घरी आहे. नाही, त्या येत नाहीत. मुलगाही येत नाही. ...अहो, समजूत कसली काढायची, त्यांचं बरोबर आहे. ...मी? मीही नाही येत. ...खुशाल काढा माझं नाव. जोरात बोला, ऐकू येत नाही. ...आलं आता ऐकू. ठेवतो.

मुलगा : काका, ते तुम्हाला मेळाव्याला बोलवायचे नाहीत.

सुभेदार : न बोलावू देत. शेडमध्ये बसायला काय आहे रे?

मुलगा : काही नाही. कॅन्टीनमधली लाकडी बाकं आणावी लागतील. जड आहेत.

सुभेदार : मग चल, आत्ताच जाऊन मांडू.

आई : भावजी, तुमचा पाय?

सुभेदार : एक टोक मी धरतो. दुसरं हा धरेल.